आवाजानं सुटलेला ठोकळा

नव्वदच्या दशकात मी बेळगावहून बेंगळुरूला पीएच.डी. करायला आले, ती विषय मनाशी पक्का करूनच. आवाजाच्या लहरींनी घर्षण कमी होतं, हे मला दाखवायचं होतं. माझे मार्गदर्शक धारवाडचे. माझ्याशी ते कन्नड मिसळलेल्या मराठीत बोलत.

विषय ऐकून म्हणाले, "घर्षण कमी करायला तेल घालतात, गाणं ऐकवत नाहीत. दुसरं काही बघ."

मी दुसरं काही बघितलं नाही. बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या एका दुकानात घड्याळाचे भाग धुवायचं जुनं यंत्र मिळालं. त्याच्या तळाशी एक चकती असते. वीज दिली की ती थरथरते, पण तिचा आवाज इतका बारीक की आपल्या कानांना तो कळतच नाही. ती चकती काढून मी एका लांब पोलादी पट्टीखाली चिकटवली, पट्टी जराशी तिरकी केली आणि वरच्या टोकाला पितळेचा ठोकळा ठेवला. बोटानं ढकलला तर तो थोडा सरकून तिथंच अडायचा.

बटण दाबलं. ठोकळा आपणहून निघाला आणि पार खालपर्यंत गेला. मी एकटीच मोठ्यानं हसले आणि सरांना बोलावून आणलं.

त्यांनी पाहिलं. "बटण दाबताना धक्का बसला असेल."

"धक्क्यानं जरासा हलून थांबला असता, सर. हा चालतोच आहे."

"मग पट्टी तापली असेल."

"तापवून बघू या."

चकती बंद ठेवून मी केस वाळवायच्या यंत्रानं पट्टी चांगली गरम केली. ठोकळा जागचा हलला नाही. सरांनी पट्टीला बोट लावून ती खरंच तापली आहे ना, ते पाहिलं. मला मात्र आता कसलीच शंका उरली नव्हती.

"स्वल्प सरक, मला करू दे," असं म्हणून त्यांनी स्वतः बटण दाबलं. ठोकळा निघाला. मध्येच बंद केलं, तो अर्ध्या वाटेत थांबला. पुन्हा चालू केलं, पुन्हा निघाला.

"हे का होतं?" त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

"पट्टी थरथरते तशी ठोकळ्याची पकड क्षणोक्षणी सुटते. तेवढ्यात तो पुढं सरकतो."

ते दाराशी गेले आणि शेजारच्या खोलीतल्या प्राध्यापकांना हाक मारली, "बन्नी, इल्लि नोडी!" म्हणजे 'या, इकडे बघा!' मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना तूच समजावून सांग. विषय तुझा आहे."

मी कन्नडमध्ये सांगायला सुरुवात केली.