डावीकडे वळलेलं शेपूट

एमिल हुडाक दर मंगळवारी बँक उघडायच्या आधीच दाराशी उभे असायचे. चाळीस वर्षं कारखान्यात लोखंडी साचे घडवलेला माणूस. केसाएवढा उंचवटा बोटाला कळायचा. मी तिथली रोखपाल, खिडकीतून पेटी सरकवायचे: एक डॉलरची हजार पिवळी नाणी, एका अंगाला पाठीवर बाळ बांधलेली बाई, दुसऱ्या अंगाला गरुड. ती घरी नेऊन ते एकेक भिंगाखाली धरायचे, साच्याची दुर्मीळ चूक शोधायचे आणि उरलेली नदीपलीकडच्या बँकेत भरून टाकायचे. आमच्याकडे कधीच नाही. या नादाचा तो पहिला नियम आहे, नाहीतर पाहिलेलीच नाणी पुन्हा पदरात पडतात.

दुसरा नियम ठिपक्याचा. नाणं पाहिलं, त्यात काही नाही, की ठिपका द्यायचा आणि सोडायचं. इतर लोक पेनाने देतात. त्यांची बायको आर्लीन लाल नेलपॉलिशने द्यायची, नाण्यावरच्या बाईच्या गळ्याशी. नवरा-बायको स्वयंपाकघरातल्या टेबलावर समोरासमोर बसून हा उद्योग करत. मला हसू यायचं. हजार डॉलर घरी न्यायचे आणि हजारच परत करायचे!

पुढचं त्यांनीच मला खिडकीशी उभं राहून सांगितलं.

"त्या दिवशी टीव्हीवर हॉकी चालू होती. ती म्हणाली, एमिल, या गरुडाच्या छातीतून रेघ गेलीय बघ, हाताला लागतेय. मी मान वळवली नाही. म्हटलं, ओरखडा असेल गं, सोड."

सहा आठवड्यांनी आर्लीन गेली. नाणं त्याआधीच नदीपलीकडे गेलेलं. मग शरद ऋतूत, चर्चच्या तळघरात भरणाऱ्या नाणेमंडळात, कुणीतरी एक नाणं हातोहात फिरवलं. गरुडाच्या छातीतून आरपार रेघ. याला 'जखमी गरुड' म्हणतात म्हणे, हजारो पेट्यांत एखादा.

"ओरखडा नाण्यात खोल जातो," एमिल म्हणाले. "वर उठलेली रेघ म्हणजे साच्यालाच चीर पडलेली. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. ती म्हणाली होती, हाताला लागतेय. आणि मी..."

"अहो मिस्टर हुडाक, दुसरा जखमी गरुड विकत घ्या की!"

"मला गरुड नकोय, लोर्ना. मला बघायचंय, तिने त्याला ठिपका दिला होता का. दिला असेल तर माझ्या शब्दावर विसंबून हातातलं सोनं सोडलं तिने. नसेल दिला, तर मी चुकलोय हे तिला कळलं होतं."

पण ठिपका नसलेलं नाणं आर्लीनचं म्हणून ओळखायचं कसं? सापडलं तर ठिपक्याचंच सापडणार. दुसरं उत्तर हाती लागणारच नव्हतं, आणि हे त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. तरी सात वर्षं ते पेट्या नेत राहिले.

वर्षातून दोन-तीनदा लाल ठिपक्याचं एखादं साधं नाणं निघायचं. त्या मंगळवारी ते म्हणायचे, "काल आर्लीन आली होती." अगदी सहज. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्यांच्याकडे कोबीच्या पानांत गुंडाळलेले खिम्याचे गोळे घेऊन गेले. टेबलावर आर्लीनच्या खुर्चीपुढे ती ठिपक्यांची नाणी ओळीने मांडलेली. मला त्या खुर्चीत बसू दिलं नाही.

आणि मग मी शहाणपणा केला. माझा स्वभावच मेला तसा, कुणाचं दुःख दिसलं की बोटं शिवशिवतात. शहरातल्या व्यापाऱ्याकडून एक जखमी गरुड विकत आणला. त्याच रंगाची बाटली आणली. बाईच्या गळ्याशी ठिपका दिला, वाळू दिला, पेटीतल्या नाण्यांच्या एका रोलचं कागदी तोंड उलगडून नाणं आत सारलं आणि पेटी पुढे केली.

एमिल दुसऱ्याच दिवशी आले. बुधवारी कधी येत नसत. नाणं खिडकीवर ठेवलं.

"साचा खरा आहे," ते म्हणाले. "हात खरा नाही. आर्लीन डावखुरी होती. तिच्या ठिपक्याला डावीकडे बारीक शेपूट यायचं. हे उजवीकडे आहे."

मी म्हटलं, "मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल."

"वाटलं ना. रात्रभर वाटलं. सकाळी उजेडात भिंग लावलं." मग अगदी हळू म्हणाले, "आता प्रत्येक ठिपका बघताना मला वाटणार, हा लोर्नाचा तर नसेल?"

त्यानंतर त्यांनी पेटी नेली नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मंगळवारी सकाळी दार उघडताना मी अजून आधी पायरीकडे बघते.

दोन वर्षांनी गाड्या धुण्याच्या दुकानाचा मालक सुट्टी नाणी भरायला आला. मोजता मोजता माझं बोट अडलं. गरुडाच्या छातीवर उठलेली रेघ. पालथं केलं. बाईच्या गळ्याशी ठिपका, रंग विटून विटकरी झालेला, कडा झिजलेल्या. शेपूट डावीकडे.

पदरचा डॉलर गल्ल्यात टाकून ते नाणं घेतलं आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. ते टेबलाशी बसले होते, फार वाळले होते. समोर टीव्हीवर हॉकी चालू होती. तिच्या खुर्चीपुढची ओळ तशीच होती.

"मिस्टर हुडाक, शपथेवर सांगते, हे मी केलेलं नाही. शेपूट डावीकडे आहे. एकदा भिंग लावा, एकदाच. निदान बोट तरी फिरवा."

मी तळहात त्यांच्यापुढे धरला. भिंग त्यांच्या कोपराशीच पडलं होतं. त्यांनी माझी मूठ मिटवली, वर दोनदा थोपटलं, अगदी मायेने. मान टीव्हीकडेच होती.

"ओरखडा असेल गं," ते म्हणाले. "सोड."