शिरूर कासारचा नाताळ आणि बदलीचा अर्ज

यंदा मी नाताळला वसईत नव्हतो. आईनंच पाठवलं. धाकटा भाऊ जोएल दहा वर्षं सेमिनरीत काढून फादर झाला, आणि दिवाळीनंतर त्याला शिरूर कासारजवळच्या एका खेड्यात नेमलं. महिन्याभरात त्याचा फोन, "रविवारच्या मिस्सेला चर्चमध्ये कुणी येत नाही. मी या कामाचा नाही." आई म्हणाली, "जा, बघून ये. नाहीतर घेऊनच ये."

पुण्याहून बीडची एसटी धरा, आणि दुपारची असेल तर डावी खिडकी. उजवीकडे नुसतं भाजून निघतं. बीडहून पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा चहा निवांत प्या.

खेड्यात निम्म्या घरांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली. पण नाताळला सगळे घरी येणारच, असं जोएलनं वसईच्या अनुभवावरून ठरवलं होतं. दीडशे माणसांचं जेवण सांगितलं होतं. बदलीचा अर्जही तयार होता. "उद्याचा दिवस बघतो, मग जाताना तू संभाजीनगरला बिशपना दे," म्हणाला.

पंचवीसला मिस्सेला अकरा जण होते. त्यात मी धरलेला आहे. जोएलनं दीडशे माणसांचं प्रवचन अकरांना पूर्ण ऐकवलं. मला त्याची फार कीव आली.

बाहेर सत्तरीच्या मारथाबाई पिशवी घेऊन उभ्या. "फादर, फडावर कवा निघायचं?"

"कुठल्या फडावर?"

"आपली मान्सं ऊस तोडत्यात तिथं. आदीचे फादर नाताळला तिथंच जायचे. तुमाला कुणी सांगितलं न्हाई?"

नव्हतं सांगितलं. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट सांगायची कुणी? सेमिनरीत तत्त्वज्ञान होतं, ईश्वरविज्ञान होतं, थोडी हिब्रूही होती. ऊसतोडीचा तास नव्हता.

जीप ठरवली. मागे पातेली, पुढच्या सीटवर मारथाबाई. बीडमार्गे परळीकडच्या फडावर पोचायला चार वाजले. रस्त्याबद्दल एवढंच सांगतो की रस्सा निम्माच उरला.

एका बाईनं डोक्यावरची उसाची मोळी खाली टाकली. "लई उशीर केला, फादर. वाटलं, नव्या फादरनी आमाला सोडलं."

जोएलनं बैलगाडीवर चादर अंथरली, तीच वेदी. कोयते एका बाजूला ठेवून माणसं उसाच्या पाचटावर बसली आणि गायला लागली. मला रडू आलं. वसईच्या रोषणाईत कधी आलं नव्हतं. मग बाया तान्ही पोरं घेऊन पुढं आल्या, बाप्तिस्म्यासाठी. जोएल नावं लिहायला कागद शोधत खिसे चाचपत होता.

दुसऱ्या दिवशी निघताना मी अर्ज मागितला. त्यानं काढून उलटा धरला. मागे सात नावं होती. "हा आता देता येणार नाही," म्हणाला. "पुढच्या रविवारी फडावर बाप्तिस्मे आहेत, तेव्हा लागेल."

घरी आई दारातच. "आणलंस त्याला?"

"नाही."

"मग माणसं यायला लागली का चर्चमध्ये?"

"नाही," मी बूट काढत म्हणालो. "तोच जातो."