मसूर डाळीचं माप

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मिस्टरांना नाही, मुलांना नाही, जिला मी बाकी सगळं सांगते त्या माझ्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि माझा चेहरा तुम्ही पाहिलेला नाही. चेहरा पाहिलेल्या माणसाला हे सांगणं मला जमणार नाही.

आधी माझ्या मापाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डोंबिवली पूर्वेला आमच्या घरी मी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. सत्तावीस वर्षं झाली. स्वयंपाकघरातही माझं तसंच — रव्याच्या लाडवाचा पाक, उकडीचं पाणी, लोणच्याचं मीठ, सगळं मोजून. चमचा भरायचा आणि सुरीच्या पाठीने सपाट करायचा. ‘अंदाजाने’ हा शब्द मी वापरत नाही. त्यामुळे सासरचं कुणीही अडलं की मला फोन करतं. मी सांगितलं म्हणजे मोजून सांगितलं, असा सगळ्यांचा विश्वास. आणि ही बाई खोटं बोलत नाही, असाही. तो कुठून आला? आकडे बरोबर असले की माणूस खरा असतो, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. तपकिरी डाग, डाव्या गालावर मोठा, उजव्यावर लहान. चार वर्षं राहिले. शिकवणीला येणाऱ्या एका मुलीची धाकटी बहीण म्हणाली, “काकू, तुमच्या गालावर चहा सांडलाय.” सगळी मुलं हसली. मीही हसले. त्या दिवशीचा तास मी फळ्याकडे तोंड करून घेतला.

मग ठाण्याला गेले. मेकअपचं सामान डोंबिवलीत घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत सासूबाईंना कळलं असतं. ठाण्याच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने माझ्या चेहऱ्यावर करून दाखवलं. डागावर आधी केशरट क्रीमचा एक ठिपका, वर त्वचेच्या रंगाचं कन्सीलर, अनामिकेने थोपटायचं, घासायचं नाही. ओल्या स्पंजने कडा मिटवायच्या. पावडर फक्त नाकाच्या बाजूला. ओठांना ओठांच्याच रंगाची लिपस्टिक, बोटाने टेकवून लगेच टिपून टाकायची. “सगळं झाकायचं नाही, मॅडम,” ती म्हणाली. “तीळ राहू द्या, डोळ्यांखालचं थोडं राहू द्या. मेकअप दिसला म्हणजे मेकअप चुकला.”

थोडं राहू द्यायचं. हे मला लगेच पटलं. सगळीच उत्तरं बरोबर आली की मीसुद्धा वही पुन्हा तपासते.

त्या उन्हाळ्यात महिनाभर माहेरी राहिले आणि रोज सराव केला. परत आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “माहेरचं पाणी मानवलं गं तुला! काय लावलंस?” त्या कायम सांगायच्या की आमच्या घरातल्या बायका तोंडाला रंग फासत नाहीत. धाकट्या नणंदेने लग्नाआधी एकदा लाली लावली होती, तर त्यांनी तिला नळाखाली धरलं होतं. मी म्हणाले — “मसूर डाळ.”

का म्हणाले? मागे ओट्यावर मसूर डाळ निवडायला ठेवलेली होती. एवढंच कारण.

तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, रोज सकाळी न्हाणीघरात अकरा मिनिटं. सामान मी सॅनिटरी पॅडच्या पाकिटात ठेवते, तिथे घरातलं कुणी हात घालत नाही. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. पाकीट अजून तिथेच आहे. मिस्टरांना माहीत आहे का? मला माहीत नाही. त्यांनी विचारलेलं नाही, मी सांगितलेलं नाही. सासूबाई गेल्या त्यालाही सहा वर्षं झाली. आता कोण काय म्हणणार होतं? तरी अकरा मिनिटं चालूच आहेत.

इथपर्यंतचं खोटं माझं मलाच लागणारं होतं. पुढचं तसं नाही.

सुनीता माझी धाकटी जाऊ. कोपरला राहते, पुलापलीकडे. बोलकी, हसरी, हाताला चव असलेली. स्वतःवर विनोद करायची सवय. मला ती ताई म्हणते. पंधरा वर्षांपूर्वी तिच्याही गालांवर वांग आले. माझ्यासारखेच, डावा मोठा, उजवा लहान. तिने माझे डाग पाहिले होते आणि गेलेलेही पाहिले होते. मग ती कुणाकडे येणार?

मी तिला माप दिलं. आधी नुसतं म्हणाले होते, मसूर डाळ लावते. ती म्हणाली, “असं नको, ताई. तुमच्यासारखं सांगा, चमच्यात.” म्हणून सांगितलं. मसूर डाळीचं बारीक पीठ दोन चमचे, कच्चं दूध एक चमचा, वीस मिनिटं, गार पाणी, एक दिवसाआड. सांगताना मला काही वाटलं नाही. आकडे आपोआप येत गेले. तिने ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतले.

आणि ती माणसाला धरून राहणारी. म्हणाली, दळतेच आहे तर दोघींचं दळते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, भाऊजींना ऑफिसची सुट्टी असते तेव्हा, स्टीलच्या डब्यात माझ्या वाटणीचं मसुराचं पीठ येऊ लागलं. रिकामा डबा परत करायचा नाही म्हणून मी त्यात शंकरपाळे भरून पाठवायची, कधी चिवडा. त्या पिठाचं काय करायचं? टाकवत नाही. कांदा-मिरची घालून मी त्याची धिरडी करते. मिस्टरांना आवडतात.

तीन महिने झाले तरी तिच्या गालांवर फरक नव्हता. एका संध्याकाळी ती आली. माझा तास चालू होता, समोर नऊ मुलं. ती दारातूनच म्हणाली, “ताई, एकच विचारते. लिंबू घालू का थोडं?” मी वहीतून मान वर केली नाही. “अर्धा चमचा. त्याच्यावर नको.” लिंबाने काय होतं हे मला माहीत नव्हतं. माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. पण मी ज्या आवाजात पायथागोरसचा सिद्धांत सांगते त्याच आवाजात अर्धा चमचा म्हणाले. ती गेल्यावर मुलांना पुढचं उदाहरण घातलं.

मे महिना होता. ती सकाळी चेहऱ्याला लावायची आणि मग गच्चीवर कुरडया घालायला जायची. एकोणीस दिवसांनी आली तेव्हा चेहऱ्याला ओढणी गुंडाळलेली होती. सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या. तिने ओढणी सोडली. गालांची साल निघालेली, खाली लाल, आणि कडेने काळं — कपाळापर्यंत. रडत नव्हती. “भूत दिसते ना?” म्हणाली आणि हसायला गेली, तर गाल ओढला गेला.

आता सांगते. याच्यासाठीच एवढं सगळं सांगितलं.

मी म्हणाले, “मी तर रोज लावते, मला कधी असं झालं नाही. तुझं माप चुकलं असेल.”

सासूबाई म्हणाल्या, “हिच्या हाताला मापच नाही मुळी.”

त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर अकरा मिनिटांचं काम होतं. सुनीता माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन बाहेर यायला मला किती वेळ लागला असता? एक मिनिट. दीड. मी आत गेले — कोरफड आणायला.

डॉक्टरांच्या मलमाने कातडी बरी झाली, काळेपणा राहिला. आणि दुसरंही एक राहिलं. ती स्वतःच म्हणू लागली, माझ्या हाताला माप नाही. आधी विनोद म्हणून, मग तसंच. त्या वर्षी ती दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणार होती, कोपरच्या चार सोसायट्यांत चिठ्ठ्या लावायच्याही ठरल्या होत्या. त्या लावल्या नाहीत. भाऊजींनी विचारलं तर म्हणाली, “लोकांच्या घरी माझ्या मापाचे लाडू कुठे पाठवता?” तिच्या घरी आजही पाक करायचा झाला की मला फोन येतो. तिची मुलगी ईशा लहान होती तेव्हापासून म्हणते, आईला नका विचारू, मोठ्या काकूला विचारा.

दोन वर्षांपूर्वी ईशाचा साखरपुडा झाला. कल्याणला हॉल होता. आवरायच्या खोलीत ब्युटीशियन मुलगी आली होती, पंचविशीची असेल. ईशा तिला म्हणाली, “मला एकदम नॅचरल हवं. काही लावलंय असं वाटलंच नाही पाहिजे. आमच्या मोठ्या काकूसारखं — ती काहीच लावत नाही!”

ती मुलगी माझ्याकडे वळली. मी खिडकीच्या उजेडात उभी होते. तिच्या हातात ओला स्पंज होता. तिने माझा डावा गाल पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा. तिला समजलं. बावीस वर्षांत ज्याला नक्की समजलं असं ते एकच माणूस. ती सुनीताकडे वळून म्हणाली, “मावशी, बसा ना तुम्ही पण. हे डाग मी दहा मिनिटांत झाकते, कळणारसुद्धा नाही.”

सुनीता खुर्चीपर्यंत गेली. खुर्चीच्या पाठीवर तिने हात ठेवला — तो हात मला अजून दिसतो — आणि थांबली. म्हणाली, “नको गं बाई. आमच्याकडे नाही चालत. ताईंनी जन्मात कधी लावलं नाही, आणि मी या वयात रंग फासून बसू? लोक म्हणतील, मुलीचा साखरपुडा की आईचा?” तिने माझ्याकडे पाहिलं. त्या मुलीनेही माझ्याकडे पाहिलं. ती थांबली होती, चांगली दोन-तीन सेकंद. सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या. मला कुणाचीही भीती नव्हती. हातात साडीच्या पिना होत्या.

मी म्हणाले, “राहू दे तिचं.”

सुनीताने खुर्चीवरचा हात काढला.

साखरपुड्याचे चारशे बारा फोटो आले. मी मोजले. मुलीची आई तीन फोटोंत आहे. एकात पाठमोरी, एकात विहिणींच्या मागे, एकात तोंडावर पदर. मी सदुसष्ट फोटोंत आहे. छान दिसते. ईशाच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, तुमच्या घरात मोठ्या जाऊबाईंचा चेहरा किती साधा आणि प्रसन्न आहे.

तुम्ही म्हणाल, अजून सांगता येईल. कोपरला जायला रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं लागतात. मला माहीत आहे. मी जात नाही, हेही मला माहीत आहे. वाईट वाटतं का? पूर्वी वाटायचं, असं आठवतं. आता सकाळी क्रीमचं झाकण उघडताना काहीच वाटत नाही, दात घासताना जेवढं वाटतं तेवढंच. परवाच्या शनिवारी डबा आला. सोबत फोनही. “ताई, या वेळी दोनदा चाळलंय हं. तुमच्या चेहऱ्याला रवाळ नको.” मी म्हणाले, छान झालंय. रविवारी धिरडी केली, सात झाली.

एक गोष्ट मी वर गाळली.

ती ओढणी गुंडाळून आली, त्या दिवशीची. त्याच वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून मापाचे चमचे वाटले होते, पाच चमच्यांचा कडीत ओवलेला संच. मी “तुझं माप चुकलं असेल” म्हणाल्यावर तिने पर्समधून तो संच काढला. तिने तो बरोबर आणला होता. ओट्याजवळ गेली, अर्ध्याचा चमचा वेगळा केला, त्यात पाणी भरलं आणि हात न हलवता माझ्या डोळ्यांसमोर धरला. “एवढंच घेत होते, ताई. बघा ना. एवढंच ना?”

मी वाकून पाहिलं. पाणी काठोकाठ होतं, एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही.

“थोडं जास्त आहे,” मी म्हणाले.

तिने त्यातलं थोडं ओतून टाकलं.