एका स्ट्रेचरच्या मंजुरीपायी

सरकारी मंजुरी जितकी लांबते, तितके किस्से वाढतात. आमच्या एका स्ट्रेचरला तीन वर्षं लागली, त्यामुळे माझ्याकडे स्टॉक भरपूर आहे. चहाला कुणी भेटलं की एखादा निघतोच.

आधी आम्ही कोण ते सांगते. जालन्याच्या धावपट्टीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आमचं ऑफिस. माणसं तीन. खरात सर आमचे प्रमुख, विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. मी डिझाइन इंजिनिअर, मूळची टेंभुर्णीची. आणि केदारखेड्याचे कडुबाभाऊ. त्यांनी वीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवल्या आणि मग सरांच्या नादी लागून विमानाचे पार्ट बनवायला शिकले.

काम एकच. सहा सीटच्या विमानातल्या दोन सीट काढायच्या आणि तिथं पेशंटसाठी स्ट्रेचर बसवायचं. जालन्याहून पुण्याला पेशंट न्यायचा तर रस्त्यानं सहा तास, विमानानं एक. मधले पाच तास कुणाच्या तरी जिवाचे असतात, म्हणून आम्ही हट्टाला पेटलो होतो. पण विमान म्हणजे जीप नव्हे, की मनात आलं आणि वर कॅरियर ठोकलं. एकदा पास झालेल्या विमानात वेगळा बोल्ट लावायचा असला, तरी त्यानं काही बिघडत नाही हे आधी सरकारी खात्याला सिद्ध करून दाखवावं लागतं. ते तपासायला मुंबईहून सबनीस मॅडम यायच्या. मॅडमनी कधी आवाज चढवला नाही. त्याचीच जास्त भीती वाटायची.

*

पहिलाच घोटाळा ब्रॅकेटचा. स्ट्रेचर विमानाच्या फ्लोअरला धरून ठेवायला चार ब्रॅकेट होते. ट्रॉलीवाल्यांची एक रीत आहे. गिऱ्हाईक ओळखीचं असलं की सांधा जरा जास्तच मजबूत करून द्यायचा, आणि त्याला सांगायचंसुद्धा नाही. भाऊंनी तेच केलं. ड्रॉइंगमध्ये तीन मिलिमीटर होतं, त्यांनी प्रेमानं पाच मिलिमीटरची पट्टी वापरली.

मॅडमनी माप घेतलं आणि विचारलं, "हे जाड का?"

"घरचं काम हाय मॅडम. थोडं मजबूत देलं."

मॅडमनी शांतपणे समजावलं, की झटका बसला की ड्रॉइंगमधलं ब्रॅकेट थोडं वाकून तो झटका स्वतः पितं. हे वाकणारच नाही, मग सगळा झटका खालच्या फ्लोअरला बसेल आणि फ्लोअरच फाटेल. चारही ब्रॅकेट भंगारात गेले. भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "ताई, जास्त चांगलं बी चालत न्हाई का?"

म्हटलं, नाही चालत. सहीशिवाय काहीच चालत नाही.

"मंग लई शिकायचं राह्यलं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नवीन पत्रा कापायला बसले.

*

गादीचा किस्सा मी सगळ्यांना सांगते. गादीचं कापड आगीत पेट घेणारं नको. पेटलं तरी आपोआप विझलं पाहिजे. आम्ही तसं कापड शोधलं, लॅबमध्ये जाळून घेतलं, सर्टिफिकेट आणलं. शिवायला टेंभुर्णीच्या आमच्या नेहमीच्या टेलरकाकांकडे दिलं. तिथं मी एक चूक केली. गादी विमानासाठी आहे, हे त्यांना कौतुकानं सांगितलं.

काकांनी उशाशी लाल दोऱ्यानं सुंदर अक्षरात भरून दिलं, 'शुभ यात्रा'. पेशंटच्या स्ट्रेचरवर!

आम्ही कपाळाला हात लावला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी भिंग काढलं, दोरा बघितला आणि विचारलं, या दोऱ्याची आगीची टेस्ट झाली आहे का? झाली नव्हती. मॅडमनी रिपोर्ट लिहिता लिहिता सांगितलं, "कापड पास आहे. शुभेच्छा नापास."

*

या वेळीही चूक माझीच. खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. मी भक्तिभावानं स्ट्रेचरलाही हळदकुंकू वाहिलं आणि नेमकं नंबरच्या पट्टीवर वाहिलं. त्याच आठवड्यात फाईलसाठी फोटो काढले. फोटोत नंबरच दिसेना. खात्याकडून पत्र आलं, लेखी खुलासा करा.

फॉर्मवर 'चुकीचं कारण' असा रकाना होता. सरांनी खूप विचार करून लिहिलं, 'पूजा'. त्याखाली 'पुन्हा असं होऊ नये म्हणून केलेला उपाय' असा दुसरा रकाना. सरांनी लिहिलं, 'पुढील वर्षापासून कुंकू डाव्या बाजूस.'

खुलासा मंजूर झाला. तीन वर्षांत पहिल्या फटक्यात मंजूर झालेला तेवढा एकच कागद.

*

मग वजनाची टेस्ट. विमानाला जोराचा धक्का बसला तर पेशंटच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ स्ट्रेचरनं सोसली पाहिजे. ती ओढ द्यायला आम्ही मोंढ्यातून सोयाबीनची पोती आणली. सोमवारी इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजून एकेकाला चिठ्ठी बांधली. मॅडम शुक्रवारी आल्या. चिठ्ठ्या वाचून झाल्या, बेरीज जुळली. आता पोती चढवायची, एवढ्यात कडुबाभाऊच मध्ये बोलले.

"मॅडम, हे वजन सोमवारचं हाय. माल वला व्हता. चार दिवस पत्र्याखाली वाळून राह्यला. आता बराबर भरायचा न्हाई."

सरांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की मी नजर दुसरीकडे वळवली. मॅडमना हे कधीच कळलं नसतं. पण सगळी पोती पुन्हा काट्यावर गेली, आणि भाऊंचं खरं निघालं. प्रत्येक पोतं हलकं भरलं. वर दोन पोती आणखी लागली. त्यात अर्धा दिवस गेला, पण स्ट्रेचर जागचं हललं नाही.

जाताना मॅडम सरांना म्हणाल्या, "तुमच्याकडे इंजिनिअर दोन आहेत. वजन कळतं ते तिसऱ्याला."

*

सगळ्या टेस्ट झाल्या. स्ट्रेचर विमानात बसलं. फाईल मुंबईला गेली, फक्त शेवटची सही राहिली. त्याच आठवड्यात कडुबाभाऊंची आई जिन्यावरून पडली.

आई आता बरी आहे, काठी घेऊन चालते. मंजुरीही त्यानंतर बाराव्या दिवशी आली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर ऐकताना तुमचा जीव वरखाली व्हायचा. माझा झाला होता.

जालन्याचे डॉक्टर म्हणाले, मणक्याला मार आहे, पुण्याला हलवा, आणि होता होईतो हादरे बसू देऊ नका. मी दवाखान्यात पोचले तेव्हा भाऊ ॲम्ब्युलन्सच्या फळीवर दुसरी गादी अंथरत होते. तीन वर्षं मी या माणसाला एका मिलिमीटरची सूट दिली नव्हती. तीच मी त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, विमान उभं आहे. पायलटशी मी बोलते. सगळं पास झालंय, नुसती सही राहिलीय. कोण विचारणार आहे?"

हे बोलताना मला जराही लाज वाटली नव्हती. आता वाटते.

भाऊंनी वळून ड्रायव्हरला एवढंच बजावलं, की जल्दी करू नको, खड्डा दिसला की आधी मला सांग. मग ड्रायव्हर आणि वॉर्डबॉय धरून आम्ही चौघांनी आईला उचललं. आई शुद्धीवर होती. लेकानं विमानात खाट बसवली, हे तिनं अख्ख्या केदारखेड्याला सांगून ठेवलेलं.

तिनं भाऊंचा हात धरून विचारलं, "कडुबा, तुहं विमान तं इथंच उभं हाय ना रे?"

"हाव माय," भाऊ म्हणाले. "म्या केलंय, म्हणून तं सहीबिगर नेत न्हाई."