थांब माय, भिजू दे

असल्या गोष्टी मी आजवर ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावत आले. केमिकल इंजिनिअर आहे, मोजता येतं तेवढंच मानते. तरी हे लिहितेय... कारण दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

माहेर अकोल्याचं. बाबा तिथल्या एका डाळमिलमध्ये मिस्त्री होते. लकव्याचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. माणसं ओळखायचे, पण तोंडून शब्द नाही.

त्याला वर्ष होत आलं, तेव्हा मी अरबी समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर होते. जुन्या विहिरीत उरलेलं तेल पुढे ढकलायला पाण्यात पॉलिमरची पावडर विरघळवतात आणि ते दाट पाणी जमिनीखाली सोडतात. किनाऱ्यावर मोठ्या टाक्यांत तासन्‌तास ढवळता येतं. समुद्रात तेवढी जागा कुठली? म्हणून दाणे कापून झटपट विरघळवणारं यंत्र मी बनवलं होतं. दोन चाचण्या फसल्या — पातं हळू फिरवलं तर गुठळ्या, जोरात फिरवलं तर पॉलिमरच तुटून पाणी पुन्हा पातळ. ही तिसरी, शेवटची. नाही जमलं तर चार वर्षांचं काम गुंडाळायचं होतं.

दुपारचा सव्वा वाजला होता. वेग वाढवायला मी बटणावर बोट ठेवलं. यंत्राचा आवाज अडवायला कानांवर जाड मफ होते, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. तरी अगदी कानाशी, स्पष्ट —

“थांब माय. भिजू दे जरा.”

बाबांचा आवाज! मला लाडानं ‘माय’ तेच म्हणायचे. गर्रकन वळले. मागे फक्त केरळचा ऑपरेटर, तोही दहा पावलांवर. “क्या हुआ, मॅडम?” त्यानं हातवाऱ्यानंच विचारलं.

मी यंत्र बंद केलं. पावडर नुसती ओली करून दहा मिनिटं ड्रममध्ये फुगू दिली, मग पातं हळू चालवलं. पाणी दाट, नितळ... एक गुठळी नाही.

संध्याकाळी मुंबईत उतरून घरी फोन लावला, तर आई रडत होती.

“तुये बाबा बोलले व आज! एक वाजताचं सिरियल सुरू होतं, मी भाजी निवडून राहिली होती. खिडकीकडे पाहून म्हने, थांब माय, भिजू दे जरा. कोनाले म्हनून राहिले, काय मालूम!”

मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

मिलमध्ये तूर पाणी मारून मुरू देतात, मगच भरडतात. लहानपणी मी ते पाहिलेलं. तीच आठवण ऐनवेळी जागी झाली असेल, मान्य. पण आईनं ऐकलं, त्याचं काय?

सुट्टीत गेले तेव्हा विचारलं, “बाबा, तुमी मले आवाज देला होता?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले... शब्द फुटला नाही. त्यानंतर कधीच नाही. डॉक्टर म्हणतात, अशा रुग्णाच्या तोंडून एखादं वाक्य अवचित निघतं. त्याच दुपारी, तेच वाक्य का — हे त्यांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही.