बिनपाण्याची बॅटरी

भाऊसोचं अर्धं आयुष्य बॅटऱ्यांना पाणी पाजण्यात गेलं. गडी कोरेगावकडचा. पलटणीत वायरलेसच्या बॅटऱ्या सांभाळल्या, पेन्शनीत आल्यावर कुपवाडला एमआयडीसीत गाळा घेतला आणि तिथंही तेच काम धरलं. ट्रॅक्टरवाला दारात आला की रामरामाच्या आधी भाऊसो विचारायचा, "पाणी बघितलं व्हतंस का रं?" बहुतेकांनी बघितलेलं नसायचं. मग आधी शिव्या आणि नंतर चहा.

अशा माणसाकडे सत्त्याण्णव साली सांगलीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या श्रद्धा मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "मला इथं बॅटरी करून बघायचीय. ॲसिड नाही, पाणी नाही. आत सगळं घट्ट."

"मग त्यात वाहतंय काय?"

"क्षाराचे कण सरकतात. घट्ट पदार्थातूनच."

"भिंतीतनं माणूस गेल्यागत?"

"साधारण तसंच," मॅडम हसल्या.

भाऊसोच्या डोक्यात काही शिरलं नाही, पण बाईंचा हुरूप आवडला. त्याने मागची खोली दिली, ट्रकच्या जॅकपासून दाब द्यायचं यंत्र करून दिलं. एका बाजूला जस्त, दुसऱ्या बाजूला काळी पूड, मध्ये क्षार मिसळलेल्या प्लास्टिकचा पापुद्रा. दाबला की रुपयाएवढी चकती. चकत्या एकावर एक रचायच्या आणि हवेतली ओल लागू नये म्हणून ती चळत कळीचा चुना घातलेल्या डब्यात ठेवायची. अशा दोन चळती झाल्या. इवलासा लाल दिवा त्यांच्यावर लागायचा, पण डोळे बारीक करून बघावं लागे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बॅटरी कंपनीचे साहेब ही बॅटरी बघायला येणार होते. त्यांना पटलं तर तपासणीची खोली आणि छोटा कारखाना इथंच, नाहीतर सगळं पुण्याला. भाऊसोची मुलगी अश्लेषा बीएस्सी होऊन बसली होती. इथं काही उभं राहिलं नाही, तर तीही पुण्यालाच जाणार होती.

दसऱ्याला भाऊसोने गाळा धुतला. पाटावर पान्हे, पक्कड, मीटर मांडले. मग त्याला वाटलं, सगळ्यांची पूजा होणार आणि नव्या बॅटरीनं काय पाप केलंय? डब्यातून एक चळत काढून त्याने पाटावर ठेवली. त्याच्या बायकोने, म्हणजे हरणाबाईने, फूल बुडवून सगळ्यावर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मांडलेली पूजा त्या दिवशी हलवायची नाही, म्हणून चळत रात्रभर तिथंच राहिली.

सकाळी भाऊसोने तिला दिवा जोडला आणि तो दचकलाच. दिवा लालभडक! दारात मॅडम आणि साहेब उभे.

"मॅडम, बघा! देवी पावली!"

मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी चळत हातात घेतली. बोटाला ओलं कुंकू लागलं.

"भाऊसो, हिच्यावर पाणी शिंपडलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय. दसरा न्हवता का?"

"पापुद्रा पाणी प्यायलाय. ही साधी ओली बॅटरी झाली. चार दिवसांत जस्त खाऊन बसेल."

"पर चालतीया की!"

"तोच तर घोटाळा आहे."

भाऊसो गोंधळला. नीट न चालणारी खरी, आणि चालणारी खोटी? इकडे साहेब दिव्याकडे वाकून म्हणाले, "वा! एवढा उजेड आम्हालाही मिळाला नव्हता."

आता गप्प बसलं तर कारखाना इथं. अश्लेषा घरी. भाऊसोने एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. आपल्याला यातलं कळत नाही, पण आपण काय केलं ते तर कळतं!

"सायेब, ही खरी न्हवं. आमी पूजेत पाणी शिंपडलंय हिच्यावर. खरी डब्यात हाय."

साहेबांनी डब्यातली चळत जोडून घेतली. दिव्याभोवती तळहातांची ओंजळ धरली, डोळा लावून बराच वेळ पाहिलं.

"लागतोय," ते म्हणाले. "मॅडम, आधी खोली कोरडी करा. नीट बंद होणारी. मग बघू."

एवढं बोलून चहासुद्धा न घेता ते गाडीत बसले.

"मॅडम, 'मग बघू' म्हंजी व्हय का न्हाई?"

"मलाही कळलं नाही, भाऊसो."

"तुमाला बी न्हाई? मग मला कळंना त्यात काय नवल!"

दुपारी हरणाबाई डबा घेऊन आली तेव्हा भाऊसो मागच्या खोलीच्या खिडकीच्या फटी सिमेंटने बुजवत होता.

"झालं का मंजूर?"

"झालंय वाटतंय."

"वाटतंय म्हंजी?"

"न्हाई बी झालं आसंल. तू जरा ती थापी दे."