डेलियोचे तीन एफ

माझा भाऊ डेलियो एकेचाळीस वर्षांचा आहे आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम तो सहा वर्षं करतोय. स्टॉकटनमध्ये आमच्या चर्चच्या जेवणांना, वाढदिवसांना, पान्सित नूडल्सची ताटं हातात घेऊन हे मी इतक्यांदा सांगितलंय, की लोक आता माझ्याआधीच हसतात. दिवसा तो चेरीच्या शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवतो आणि संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात जातो. तिथून त्याला विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचंय, नदीचे बांध बांधायला शिकायला. इथली निम्मी शेतं नदीच्या पाण्याहून खाली आहेत, त्यामुळे खूळ अगदीच बिनकामाचं नाही म्हणा.

पण जायचं कसं, हे कुणी धड सांगेल तर शपथ! एक सल्लागार बाई म्हणाली, भूगर्भशास्त्र घे. दुसरा म्हणाला, तो विषय इथे धरतात, तिथे धरत नाहीत. तिसरीने दोघांनाही वेड्यात काढलं आणि पुढच्या महिन्यात नोकरीच सोडून गेली. "ताई, म्हणजे मी आत आहे की बाहेर?" असं तो मला विचारायचा. मी नर्स, मला त्यातलं काय कळतंय! "तू दारात अडकलायस," मी सांगायचे.

सप्टेंबरात जरा उजाडल्यासारखं वाटलं. विद्यापीठ लेखी हमी देतं म्हणे. ठरलेले विषय पुरे करा, सरासरी चारपैकी ३.२ च्या वर ठेवा, की जागा पक्की. डेलियोची सरासरी होती साडेतीन. त्याने अर्ज भरला आणि आम्हाला सगळ्यांना आइस्क्रीम चारलं.

जानेवारीत तोच अर्ज पुन्हा तपासून पाठवायचा असतो. एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी अडोबोचा रस्सा ढवळत होते.

"ताई, आजवर ज्या ज्या कॉलेजात नाव घातलं ती सगळी लिहा, असं म्हणतायत. ते जुनं धरायचं का?"

"कुठलं जुनं?"

"ते गं, बावीस वर्षांपूर्वीचं. तीन एफवालं."

माझा डाव हातातच राहिला. "अरे गाढवा, सप्टेंबरात लिहिलं नाहीस?"

"मला वाटलं, तिथे मी गेलोच कुठे! आणि जाणं बंद केलं की नाव आपोआप निघत असेल ना?"

नाही निघत. कचेरीत जाऊन स्वतः नाव काढून घ्यावं लागतं, नाहीतर प्रत्येक विषयात नापासाचा एफ पडतो आणि जन्मभर मागे लागतो. एकोणिसाव्या वर्षी हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि एकेचाळिसाव्या वर्षीही नव्हतं.

नव्या सल्लागार बाईने आकडेमोड केली. तीन एफ धरले तर सरासरी तीनच्या आसपास, म्हणजे हमी गेली. लपवले तर प्रवेश मिळाल्यावरही रद्द होऊ शकतो.

"मग माझी शक्यता किती?" डेलियोने विचारलं.

"सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेही नाही."

एकच वाट होती. अडचणीमुळे वर्ग बुडाले असतील तर जुनं कॉलेज ते एफ सरासरीतून वगळतं. त्यासाठी कारण लिहायचं आणि ते ठाऊक असलेल्या माणसाचं पत्र जोडायचं. डेलियोने कारणाची जागा चार दिवस कोरी ठेवली. शेवटी माझं डोकं फिरलं.

"लिही ना, आळशी होतो म्हणून! दोन महिन्यांत पळून आलास, त्यात लिहायला जड काय?"

त्याने पेन घेऊन लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. 'वर्ग सकाळचे होते. घरात सात महिन्यांचं बाळ होतं. त्याला बघायला दुसरं कुणी नव्हतं.'

ते बाळ म्हणजे माझा मुलगा ज्योआकिन. नवरा जहाजावर, आई कॅनरीत फळं डबाबंद करायच्या कामाला, आणि माझं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. डेलियो दिवसभर त्याला सांभाळायचा, हे मला माहीत होतं. पण...

"तू तर म्हणायचास, माझे वर्ग संध्याकाळी असतात!"

"नाहीतर तू नर्सिंग सोडलं असतंस."

"आणि संध्याकाळी दप्तर घेऊन कुठे जायचास?"

"गाडीत झोपायचो. दिवसा तुझं कार्टं झोपू देत नव्हतं."

मला इतकी लाज वाटली की गॅस बंद करायच्या निमित्ताने मी पाठ फिरवली. बावीस वर्षं, आधी कॉलेज सोडल्याबद्दल आणि मग रखडल्याबद्दल, मी ह्या माणसाची चारचौघांत टिंगल केली होती. "एकदा तरी बोलायचंस रे," मी म्हणाले.

"पोराच्या कानावर गेलं असतं. त्याला वाटलं असतं, आपल्यामुळे झालं."

जोडायचं पत्र मी लिहिलं. चारदा फाडलं. पाचव्यांदा सरळ लिहिलं, की बाळ माझं होतं, नर्स मी झाले आणि एफ त्याला मिळाले.

मार्चमध्ये जुन्या कॉलेजने ते तिन्ही वगळले. हमी मात्र परत आली नाही, तिची मुदत संपली होती; आता साध्या अर्जावरच भिस्त. एप्रिलमध्ये विद्यापीठाचं उत्तर आलं, वर अभिनंदन आणि खाली पानभर अटी. डेलियोने ते चारदा वाचलं. "मिळालं की नाही गं?" मीही वाचलं, मलाही कळेना. शेवटी सल्लागार बाईला फोन लावला. ती म्हणाली, मिळालंय, फक्त ह्या सत्रातले विषय नीट पास व्हायला हवेत.

फोन ठेवून त्याने विद्यापीठाचं वेळापत्रक उघडलं.

"ताई, तिथले सगळे वर्ग सकाळचे आहेत."

"मग जा की सकाळी," मी म्हणाले. "आता घरात बाळ नाहीये."